ऑटिझम असलेलं मूल आणि एकत्र कुटुंब: पुण्याला खोली करून राहावं का?

वाळवा तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा सव्वाचार वर्षांचा, दोन महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालंय. बोलत नाही. काही हवं असलं की मोठ्यांचा हात धरून तिकडे ओढत नेतो, बिनसलं की स्वतःचं मनगट चावतो. घरात सासू-सासरे, नवरा, धाकटा दीर आणि नऊ वर्षांची मोठी मुलगी. सासूबाईंचं म्हणणं, "ह्याचा बापबी साडेतीन वर्षं बोलला नव्हता." नातेवाईक सुचवतात की मुलाला घेऊन पुण्यात राहा, रोज थेरपी मिळेल. त्यातच पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे. त्या विचारतात: जाऊ का? नाही गेले तर घरच्यांनी करायचं काय? आणि तो मला कधी आई म्हणेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. जाऊ नका, निदान आत्ता तरी.

विशेष शिक्षिका म्हणून चोवीस वर्षं सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात काम करतेय. पुण्यात खोली केलेली बरीच घरं जवळून पाहिली आहेत. थेरपी असते पाऊण तासाची, फार तर दीड तासाची. मूल जागं असतं तेरा तास. उरलेले बारा तास ते आणि त्याची आई एका खोलीत, अनोळखी इमारतीत. बाबा शनिवारी रात्री येतात आणि रविवारी संध्याकाळी जातात. मोठी मुलगी गावी आजीजवळ. सहा महिन्यांत आई थकते, पैसे संपत येतात आणि मुलाच्या हातात मोबाइल जातो. त्यात आईची काही चूक नसते, दुसरा पर्याय नसतो म्हणून तसं होतं. तुमच्याकडे मात्र सहा माणसं आहेत, अंगण आहे, रोज ठरल्या वेळी होणारी कामं आहेत. मी हे सगळं एखाद्या सेंटरमध्ये उभं करायचं म्हटलं तरी जमणार नाही.

दोनच कारणांसाठी मी स्वतः जा म्हणेन. झटके येत असतील तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायला, आणि जवळपास कोणीच शिकवणारं नसेल तर दोन-तीन आठवडे. पण तेव्हाही नवऱ्याने रजा काढून बरोबर यायचं, दोघांनी शिकायचं आणि घरी परतायचं.

हे मी मनचं सांगत नाही. गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. गोव्यात हे काम 'संगाथ' संस्थेने केलं. शिकवायला जाणारे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. ते आईबाबांचा मुलाबरोबर खेळतानाचा छोटा व्हिडिओ काढायचे आणि मग तो पालकांसोबत बसून बघायचे. मूल कधी बघतं, कधी हात पुढे करतं, त्या क्षणी आईने काय केलं, एवढंच. त्या मुलांमध्ये सगळंच सुधारलं असं नाही, पण पालक मुलाच्या कलाने घ्यायला लागले आणि मुलं आपणहून पालकांशी संवाद सुरू करायला लागली.

हे तुम्ही आज रात्री करू शकता. नवऱ्याला पाच मिनिटांचं शूटिंग करायला सांगा, मग दोघांनी बघा आणि एकच गोष्ट मोजा: पाच मिनिटांत तुम्ही त्याला किती प्रश्न विचारलेत. "हे काय आहे? काऊ कुठंय? नाक दाखव. हा कुठला रंग?" बहुतेक आयांचा आकडा तीसच्या पुढे जातो. मूल बोलत नाही म्हणून आपण परीक्षकच होऊन बसतो. प्रश्न बंद करा. तो गाडीचं चाक फिरवत असेल तर शेजारी बसून "फिरतंय... गर्र... थांबलं" एवढंच बोला आणि गप्प राहा.

आता सासूबाईंकडे वळते, कारण तुमच्या घरातली सगळ्यात कामाची व्यक्ती मला त्याच वाटतात.

एका घरी मी गेले होते. असंच चार वर्षांचं पोर. ते आजीचा हात धरून तिला फडताळापाशी घेऊन गेलं. आजीने डबा काढला, बिस्किट दिलं, पोर पळालं. दहा सेकंदांत सगळं संपलं. आजी कौतुकाने म्हणाली, "न बोलता मला सगळं कळतंय त्याचं." खरंच होतं ते. पण आजीला सगळं आधीच कळत असल्यामुळे त्याला काही सांगायची गरजच पडत नव्हती. आम्ही एवढंच केलं की बिस्किटं एका घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत भरली आणि बरणी त्याचा हात पोहोचेल अशी खाली ठेवली. त्याने बरणी उचलली, झाकण ओढून पाहिलं, आपटली, आणि आजीच्या मांडीवर आणून ठेवली. आजीला मी सांगितलं होतं की लगेच उघडायचं नाही, मनातल्या मनात दोनदा 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणायचं आणि मगच हलायचं. पहिल्यांदा म्हणून होताच तिचे हात शिवशिवायला लागले. दुसऱ्यांदा म्हणत असताना पोराने मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. आजी म्हणाली, "उघडू?" आणि झाकण काढलं. अर्धंच बिस्किट दिलं, म्हणजे तो परत येणार. सातव्या की आठव्या दिवशी तो बरणी देताना "उ" म्हणाला.

सासूबाईंशी "ऑटिझम म्हणजे काय" यावर वाद घालत बसू नका. त्यांना हे काम द्या, आणि काम त्यांचंच आहे असं सगळ्यांदेखत म्हणा. त्यांचा मुद्दाही अगदीच पोकळ नाही, काही मुलं खरंच उशिरा बोलतात. पण उशिरा बोलणारं मूल बोट दाखवतं, आपण बोट दाखवलं तिकडे बघतं, सापडलेलं झुरळ मुद्दाम आणून दाखवतं. त्यांना फक्त विचारा, "आमचे हे लहानपणी चांदोबा दाखवायचे का?" त्यांचं त्यांनाच उमगेल. आणि दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, मीठ-मोहऱ्यांनी काही बिघडत नाही. मिरच्यांचा धूर तेवढा त्याच्या नाकापासून लांब ठेवा. (श्रवण तपासणी, म्हणजे बेरा, झाली की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी ती करून घ्या.)

मी स्वतः सुरुवातीला उलट सल्ला द्यायचे. रोज चार तास टेबल-खुर्ची, कार्डं, 'माझ्याकडे बघ' म्हणत हनुवटी धरून मान वळवायची. एका आईने ते सगळं इमानेइतबारे केलं. तीन महिन्यांनी मी घरी गेले तेव्हा आईची चाहूल लागताच मुलगा पलंगाखाली शिरला. आईला तो शाळेतली बाई समजायला लागला होता. त्यानंतर मी जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावणं सोडलं. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांनी मोठेपणी सांगितलंय की डोळ्यांत बघताना त्यांना ऐकू आलेलं कळत नाही. ऑटिझमला मराठीत वापरतात तो 'स्वमग्नता' हा शब्दही तेव्हापासून माझ्या घशाखाली उतरत नाही. बरणी घेऊन आजीकडे जाणारं पोर स्वतःत कुठे मग्न होतं?

'आई' म्हणेल का, या प्रश्नाला खोटा धीर देत नाही. अमेरिकेत २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार वर्षांचे असताना दोन-तीन शब्द जोडूनही बोलत नव्हती अशा ५३५ ऑटिस्टिक मुलांची माहिती त्यात होती. पुढे त्यांच्यातली ७० टक्के शब्द जोडून बोलायला लागली आणि ४७ टक्के सफाईने. म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण तीस टक्के तिथवर पोचली नाहीत हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून बोलण्याची वाट बघत बाकी सगळं अडवून ठेवायचं नाही. त्याच्याच पाण्याच्या बाटलीचा, त्याच्याच झोक्याचा, अंगणाच्या फाटकाचा फोटो काढा, प्रिंट करा, लॅमिनेट करून त्या त्या जागी लावा. बाहेर जायचं तर फाटकाचा फोटो आणून द्यायचा. हे जमलं की आयआयटी मुंबईने तयार केलेलं 'जेलो' हे मोफत अॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारला जातो, आणि मराठीतही आहे. चित्रं दिली की मूल आळशी होऊन बोलणार नाही ही भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही, झाला तर बोलण्याला उपयोगच होतो.

कोणी सांगितलं असेल की घरात एकच भाषा ठेवा आणि ती इंग्रजी ठेवा, तर ऐकू नका. दोन भाषांनी ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडत नाही. ज्या भाषेत आजी रागावते आणि लाड करते, ती त्याला हवीच. घरात दोन शब्द वापरात असतील, समजा तुम्ही 'पाणी' म्हणता आणि आजी 'मम्मम', तर सगळ्यांनी मिळून एक ठरवा. बोलीभाषेतला असेल तरी चालेल.

मनगट चावण्याबद्दल. आधी दुखणं शोधा: किडलेला दात, कान, बद्धकोष्ठ. ज्याला सांगता येत नाही त्याचं पोट आठ-आठ दिवस साफ होत नाही आणि घरात कोणाच्या लक्षात येत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. ते सगळं ठीक असेल तर ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकटीत लिहा: किती वाजता चावलं, त्याआधी काय चाललं होतं, नंतर त्याला काय मिळालं. दोन आठवडे पुरे. मिरजेकडच्या एका घरात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मुलगा हात चावायचा. घरचे म्हणायचे, भूक लागते त्याला. नोंदी बघितल्यावर दिसलं की रविवारी असं होत नाही. रविवारी संध्याकाळी कुकर लागत नव्हता, दुपारचंच उरलेलं असायचं. शिट्टी होते त्यापेक्षा ती कधी होईल हे त्याला कळत नाही, त्याचाच त्याला जास्त धसका होता. मग आईने कुकर लावण्याआधी त्याला शिट्टी हातात देऊन स्वतः बसवायला शिकवलं आणि गॅस पेटवला की आजोबा त्याला गोठ्यात घेऊन जायला लागले. चावणं एकदम थांबलं नाही, पण महिन्याभरात आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं.

हट्ट आणि मेल्टडाउन यांतला फरक सासऱ्यांना जरूर समजावून सांगा. हट्ट करणारं मूल मधूनच डोळा उघडून बघतं की कोणी बघतंय का, आणि हवं ते मिळालं की गप्प होतं. मेल्टडाउनमध्ये मागितलेलं हातात दिलं तरी थांबत नाही, कारण ते मागणंच नसतं. तिथे दरडावलं तर आगीत तेल. दिवा बंद, माणसं बाहेर, एकाच माणसाने जवळ बसायचं, शब्द कमीत कमी. "काय झालं, काय झालं" हे तर अजिबात नको. त्याला आवडत असेल तर घट्ट धरायचं, झिडकारलं तर सोडायचं. शांत झाल्यावर पाणी द्यायचं, भाषण नाही.

मुलीकडे येते. तिला 'ऑटिझम' हा शब्द सांगा. तिने तो ऐकलेला आहेच, फक्त तुमच्या तोंडून नाही. भाऊ मुद्दाम वह्या फाडत नाही, आणि तरी वही फाटल्याचं वाईट वाटणं बरोबर आहे, हे दोन्ही एका दमात सांगा. तिच्या कपाटाला वर कडी लावून द्या. आठवड्यातून एक तास फक्त तिचा, त्या वेळी भावाचा विषय काढायचा नाही. आणि एक वाक्य या घरात कोणी उच्चारायचं नाही: "आमच्यामागं तुलाच बघायचंय त्याच्याकडं." नऊ वर्षांच्या मुलीच्या पाठीवर ते ओझं देऊ नका. कायद्याने सोय आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मूल अठरा वर्षांचं झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व ठरवून घेता येतं. त्याला अजून चौदा वर्षं आहेत.

नवरा काही बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे येणारे निम्मे बाबा गाडी पार्क करण्याच्या निमित्ताने बाहेरच थांबतात. त्यांना दुःख होत नाही असं नाही, हाताला काम नसतं. तुमच्या मुलाला पाणी आवडतं म्हणता, तर आंघोळ कायमची बाबांकडे. तांब्या वर धरायचा, "एक... दोन..." म्हणायचं आणि थांबायचं. मूल काहीतरी करेलच, बघेल, हसेल, हात ओढेल. केलं की "तीन!" आणि पाणी ओतायचं. दहा मिनिटांत असा खेळ वीस वेळा होतो आणि त्यात कोणी कोणाला शिकवत नसतं.

पाणी आवडतं, हेच मला काळजीचंही वाटतं. अशी मुलं कोणाला न सांगता बाहेर पडतात आणि पाण्याकडे जातात. तुमच्या भागात नदी आहे, कालवे आहेत, बिनकठड्याच्या विहिरी आहेत. फाटकाला वरून कडी आजच लावा. सदऱ्याच्या आतून नवऱ्याचा फोन नंबर शिवा. शेजारच्या चार घरांना सांगून ठेवा की हा एकटा दिसला तर हाका मारू नका, तो वळणार नाही, सरळ जाऊन हात धरा. मूल दिसेनासं झालं तर आधी विहीर बघायची, नातेवाइकांना फोन नंतर. पोहायला शिकवणारं कोणी भेटलं तर लवकर शिकवा.

उपचारांच्या नावाने लोक बरंच काही विकतील. स्टेम सेल म्हणजे मूळपेशींच्या उपचारासाठी लाखांचे आकडे सांगतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमवर तो मान्य उपचार नाही. जमीन विकायची पाळी आणू नका. गहू आणि दूध बंद करायचा सल्लाही येईल. गव्हातलं ज्याच्यावर खापर फोडतात ते ग्लुटेन ज्वारीच्या भाकरीत नसतंच, आणि जो पोरगा दही-भातावर जगतोय त्याचं दही काढून काय देणार? ऑटिझमशी लसींचा संबंध जोडणारा १९९८चा लेख 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला. तेव्हा पाच वर्षांचा बूस्टर चुकवू नका. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर गोळी नाही. झोप किंवा टोकाची चिडचिड यांसाठी औषध लागू शकतं, ते बालमानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

कागदपत्रं पटकन सांगते. सांगलीच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा, अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो बहुतेक सवलतींना पात्र ठरतो. लहान मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र निदान व उपचार केंद्रं असतात, तिथली थेरपी मोफत आहे. तेही विचारून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही बसते. शिक्का बसेल म्हणून प्रमाणपत्र टाळणारे पालक पुढे दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मागताना धावपळ करतात. शाळेचं म्हणाल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जवळच्या शाळेत सहा ते अठरा वयापर्यंत त्याचा हक्क आहे. आत्ता अंगणवाडीत रोज अर्धा तास बसवा, आधी सेविकेला भेटून.

राहिलं दिराचं लग्न. त्याला नेऊ नका असं मी सांगणार नाही, पण बँड आणि जेवणाची पंगत या दोन्हींतलं काहीतरी एक त्याच्या वाट्याला ठेवा. बांधकामावरचे लोक कानांवर लावतात ते इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आत्तापासून रोज पाच मिनिटं घालायची सवय करा. कार्यालयातली एक खोली त्याची म्हणून आधीच मागून घ्या. त्याला कंटाळा आला की कोण घेऊन बाहेर जाणार हे नावानिशी ठरवा, आणि ते नाव तुमचं नको. अक्षतांच्या वेळी तुम्ही मांडवात असायला हव्यात.

नव्या जाऊबाईंना लग्नाआधी तुम्ही स्वतः सांगा, पाहुण्यांकडून कळायला नको. त्यांचा एक साधा फोटो मागून घ्या, शालू-दागिन्यांतला नको, घरच्या कपड्यांतला. तो त्या झोक्याच्या आणि फाटकाच्या फोटोंशेजारी लावून ठेवा आणि येता-जाता बोट ठेवून "काकू" म्हणत चला.